'एस्केप करणे'ला मराठीत काय म्हणावं?

मार्कडाउनमधला (साध्या चिन्हांनी मांडणी दाखवायची पद्धत) मजकूर लाटेकमध्ये (छपाईसाठी पानं जुळवणारी प्रणाली) कसा न्यावा, यावर टिपण लिहिते आहे. %, #, _ यांच्या आधी \ (बॅकस्लॅश) लावतात, त्या क्रियेला नेमका शब्द मिळत नाही. 'निसटणे', 'सुटका' हे जमत नाहीत. तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद: आस्कीत, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतात, २७ क्रमांकाला 'एस्केप' नावाचंच चिन्ह आहे. त्याचं सांगणं एवढंच, की पुढचं नेहमीसारखं वाचू नका. म्हणून मी 'अर्थमुक्त करणे' लिहिते.

प्रतिसाद: 'अर्थमुक्त' नको. \% लाही टक्के हा अर्थ असतोच. जातो तो त्याचा हुकूम. लाटेकला नुसता % दिसला की तिथून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर ते सोडून देतं. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत 'वर्गणी २०% वाढली, विद्यार्थ्यांना मात्र माफ' या ओळीतलं फक्त 'वर्गणी २०' छापलं गेलं. ज्यांच्यासाठी ती ओळ होती, त्यांनाच माफी कळली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पॅनडॉक हे रूपांतराचं साधन हे काम आपोआप करतं. मी 'शोधा आणि बदला'वर भागवलं होतं.

मी 'पाय मोडणे' म्हणतो. 'त'चा पाय मोडला की त्याच्या अंगचा 'अ' जातो, 'त्' राहतो. इथेही चिन्ह राहतं, त्याच्या अंगचा हुकूम जातो. शिवाय हे सकर्मक आहे: आपण पाय मोडतो, चिन्ह आपणहून निसटत नाही. फरक इतकाच, की हलन्त अक्षरानंतर टंकतात आणि \ आधी.

प्रतिसाद: शब्द पटला, पण सगळीकडे चालणार नाही. वेबपानांच्या एचटीएमएल भाषेत < काढून त्या जागी &, 'एलटी' ही रोमन अक्षरं आणि अर्धविराम येतो. तो पाय मोडणं नव्हे, चिन्ह नावाने लिहिणं. तिथे & आधी बदला. < आधी बदललात तर त्यात नव्याने आलेला & पुन्हा बदलला जातो, आणि वाचकाला < ऐवजी ते नावच दिसतं.

लाटेकमध्ये खुद्द \ चाही पाय मोडता येत नाही, कारण \\ म्हणजे नवी ओळ. त्यालाही 'टेक्स्टबॅकस्लॅश' असं नावानेच लिहावं लागतं.

प्रश्नकर्ती: मग टिपणात असं लिहिते: 'रूपांतर करताना % चा पाय मोडावा, \ नावाने लिहावा.' शीर्षकात 'एस्केप' देवनागरीत ठेवते, शोधणाऱ्याला सापडायला हवं.