मदत हवी आहे: साखरेच्या सेन्सरचा खर्च कसा भागवता?

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीवाले. आईला (वय ६३) दिवसातून चारदा इन्सुलिन. दोन महिन्यांपूर्वी पहाटे तीनला ती घामाने चिंब, हाक मारली तर भलतंच बोलत होती. बोट टोचून पाहिलं तर ५२! ग्लुकोजचं पाणी पाजलं तेव्हा कुठे भानावर आली.

तेव्हापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावतो. साखर ७० च्या खाली गेली की मोबाईल वाजतो. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि भात यातला फरक आलेखात दिसला, तेव्हा आईचाही विश्वास बसला. (केळीच्या घरात केळं मोजून खातो, काय सांगू.)

पण एक सेन्सर १४ दिवसच चालतो आणि आम्हाला पाच हजारांच्या आसपास पडतो. महिन्याला दोन. केळीचे भाव पडले की हे आणायचं कुठून? त्यात मागचा सेन्सर मे महिन्याच्या घामाने नवव्या दिवशीच सुटून आला.

एरवी बोट टोचायचं आणि दोन-तीन महिन्यांतून एकदाच सेन्सर लावायचा, असं कोणी करतं का? बोट टोचून तपासायच्या दिवसाला चार पट्ट्या धरल्या तरी महिन्याला अडीच हजारात भागतं, पण रात्रीचं काय? आमच्या विम्यात दवाखान्यात भरती झाल्याशिवाय काही मिळत नाही. कोणाला मिळालंय का? मध्येच निघालेला सेन्सर बदलून मिळतो का? आणि आपल्या जळगावच्या उन्हात वरून कोणती चिकटपट्टी टिकते?

डोसचं डॉक्टर बघतात, खर्चाचं तेवढं सांगा.