कन्नूरला थेय्यम बघायला जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जानेवारीत आईला घेऊन उत्तर केरळात थेय्यम, म्हणजे देवतेचं रूप घेऊन केला जाणारा तिथला विधीनाच, बघायला जायचा विचार आहे. नेत्रावती एक्स्प्रेसने थेट कन्नूरला उतरू, तेवढं ठरलंय. बाकी सगळं अधांतरी.

हंगाम मल्याळी तुळम महिन्याच्या दहाव्या दिवसापासून, म्हणजे ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन मेपर्यंत चालतो, हे माहीत आहे. पण कुठल्या कावात (देवराईतल्या देवस्थानात) कुठल्या रात्री कुठलं थेय्यम, हे आधी कळतं कसं? नेटवरच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. हॉटेलवाले, रिक्षावाले नीट सांगतात का?

कन्नूरजवळच्या परशिनिकडवूच्या देवळात मुथप्पन देवाचं थेय्यम जवळजवळ रोज असतं, त्यामुळे ते हुकमी. पण मला खरी ओढ पेटत्या निखाऱ्यांवर झेपावणाऱ्या तीचामुंडी थेय्यमची. ते पहाटे असतं म्हणतात. आई सत्तरीची आहे, दशावतारासाठी रात्र रात्र जागलेली, त्यामुळे जागरणाची धास्ती नाही, गुडघ्यांची आहे. बसायला खुर्ची मिळते का? की मध्यरात्री लॉजवर परतून पहाटे पुन्हा जाणं बरं?

चेहरा रंगवताना जवळून बघू देतात का, हेही सांगा. नारळाच्या झावळीच्या बारीक काडीने आडवं झोपलेल्या कलाकाराच्या गालावर रेघा ओढतात, ते मला मुख्य नाचाइतकंच बघायचंय. फोटो काढलेले चालतात का? दक्षिणा किती ठेवतात?

पॅकेज टूरवाल्यांचे नंबर नकोत, प्लीज. स्वतः जाऊन आलेल्यांनीच सांगा.