शब्दचर्चा: 'अभिजात' मॉड्यूल की 'कसदार' मॉड्यूल?

फोंडा (प्रश्न): आम्ही पाचजण रविवारी संध्याकाळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, बोलत आणि फासे टाकत रंगवायची साहसकथा. पुस्तके इंग्रजी, टेबलावरचे बोलणे मराठी, आणि फासा वाईट पडला की शिव्या कोंकणी. गेल्या पावसाळ्यात 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे मॉड्यूल (या खेळासाठी छापलेले तयार साहस) काढले, गॅरी गायगॅक्सचे, १९७९चे. त्यावरून भांडण झाले ते शब्दावर. एक म्हणाला, "हे अभिजात मॉड्यूल." दुसरा म्हणाला, "अभिजात कसले, जुनाट म्हण. किल्ल्यातल्या एका माणसाला धड नाव नाही. किल्लेदार, लोहार, पुजारी, संपले."

नावे नाहीत हे खरेच. पण आमच्याकडची झेरॉक्स प्रत तीन हातांतून आलेली आहे, आणि तिच्या समासात पेन्सिलीने नावे भरलेली आहेत. लोहाराचे दोनदा खोडून बदललेले. खानावळवाल्यासमोर फक्त 'पात्रांव', कोंकणीतला मालक. आता ही मॉड्यूलची उणीव मानायची की सोय? आणि अशा जुन्या मॉड्यूलची प्रतवारी करताना मराठीत नेमका कोणता शब्द वापरायचा: अभिजात, दर्जेदार, उच्च प्रतीचे, गाजलेले?

म्हापसा: 'उच्च प्रतीचे' म्हणा की. तुमची प्रत झेरॉक्स असली तरी चालेल.

डिचोली: 'अभिजात'चा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून हा शब्द जो तो कशालाही चिकटवतो आहे. मॉड्यूलला तो मला पटत नाही, कारण त्यात थोरवी जन्मापासूनची ठरते. गायगॅक्सचे आहे, पहिल्या पिढीतले आहे, म्हणून थोर. मी 'कसदार' म्हणेन. कस म्हणजे सोने कसोटीवर घासून कळणारा, आणि कस जमिनीचाही. आमच्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध फुटून खारे पाणी आत आले की शेत दिसायला तेच असते, कस गेलेला असतो. तो नुसते बघून कळत नाही, पेरल्यावर कळतो. मॉड्यूलचेही तसेच. वाचायला सुरेख आणि टेबलावर मेलेले, अशी किती दाखवू?

तुमची पेन्सिलीची नावे हाच कसाचा पुरावा. माइक कारच्या 'इन सर्च ऑफ द अननोन'मध्ये तर कितीतरी खोल्यांत राक्षस कोणता आणि खजिना कोणता हे मुद्दाम कोरे ठेवले आहे. यादी मागे दिलेली, भरायचे डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने. कसेल त्याची जमीन!

मडगाव: 'कसबी' हा शब्दही यातलाच ना? मग चांगल्या डीएमला कसबी म्हणता येईल.

डिचोली: म्हणा खुशाल, पण तो यातला नव्हे. 'कसब' अरबीतून आला. आपला सोन्याचा कस संस्कृत 'कष'चा, घासण्याचा. कसोटी त्याच घरातली.

पणजी: मग 'टूम ऑफ हॉरर्स'चे काय करायचे? १९७५ला ओरिजिन्स या खेळाडूंच्या संमेलनातल्या स्पर्धेत खेळवले, १९७८ला छापले. याच खेळाच्या 'डंजन' मासिकाने २००४मध्ये सर्वोत्तम ३० मॉड्यूल निवडली त्यात तिसरे. पहिले 'क्वीन ऑफ द स्पायडर्स', दुसरे 'रेवनलॉफ्ट'. पण आमच्याकडे काय झाले ऐका. भिंतीवर हिरव्या सैतानाचा आ वासलेला चेहरा. आमचा एक हुशार गडी मशाल घेऊन त्या तोंडात शिरला. मी म्हटले, "संपलास." तो म्हणाला, "फासा?" फासा नाहीच! दुसरा त्याला शोधायला शिरला, तोही संपला. तिसरा म्हणाला, चहा करूया. हे कसदार?

डिचोली: नव्हे, हे कस पाहणारे. मराठीने हा फरक आयताच करून ठेवला आहे. कसदार ते, जे आपल्यातून देते. कस पाहणारे ते, जे समोरच्याला घासते. स्पर्धेत कोण किती टिकतो हे मोजायला घासणेच हवे, तिथे ते चोख. रविवारच्या चहाच्या टेबलावर नाही. ते तिसरे आले म्हणून 'गाजलेले' मी बिनशर्त देईन. 'रेवनलॉफ्ट' (१९८३) मात्र कसदार. त्यातला खलनायक स्ट्राड कुठे भेटणार, त्याला काय हवे आहे, हे पत्ते काढून ठरते. एकाच शेतात दर खेपेला वेगळे पीक.

मडगाव: आणि ज्यात खेळाडूंना काही करूच देत नाहीत, कथा ठरलेल्या वाटेनेच जाते, ते? 'ड्रॅगनलान्स'च्या मालिकेवर (१९८४पासून) हाच आरोप होतो.

फोंडा: वेसण घातलेले. आमच्यात हाच शब्द चालतो. उलट टोकाला जेनेल जॅक्वेजचे 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रॅशिया' (१९७९). आत शिरायला अनेक वाटा, मजल्यामजल्यांना जोडणारे चोरजिने. जुन्या घरासारखे. पुढच्या दारी पाहुणा बसलेला असला तरी मागीलदारातून चौकात येता येते.

पेडणे: शब्द शोधताच आहात तर मॉड्यूललाच 'आख्यान' का म्हणत नाही? आमच्या दशावतारात छापील संहिता नसते. आख्यान ठरते, कुणी काय व्हायचे ते ठरते, बाकी बोलणे जागच्या जागी सुचेल तसे. आणि पदे म्हणत सगळे पुढे नेणारा नाईक म्हणजे तुमचा डीएमच.

फोंडा: नाईक पटला, आमच्या डीएमला रविवारपासून तेच नाव. आख्यान अर्धेच पटते. दशावतारात राक्षस शेवटी मरणार हे पुढे चटईवर बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. आमच्याकडे राक्षस ठणठणीत असतो आणि आम्ही पहिल्याच बोळात.