मदत हवी आहे: एसएच-१०१ सिंथवर रूपकची दुगुन बसत नाहीये

मंडळी, जरा डोकं लावा. मित्राच्या काकांचा रोलंड एसएच-१०१ सिंथेसायझर हाती लागलाय, काका ऐंशीच्या दशकात इथे मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. १९८२ चं मॉडेल, मिडी (वाद्यं एकमेकांना जोडायची सोय) वगैरे काही नाही पण आत १०० स्टेपचा सिक्वेन्सर आहे, म्हणजे भरलेले सूर ओळीने आपोआप वाजवतो, स्टेपला एक सूर. लोड दाबायचं, एकेक सूर देत जायचं, गाळायचा तिथे रेस्ट, आणि एक सूर बदलायचा तर सगळं पहिल्यापासून.

मला सात मात्रांचा रूपक ताल हवाय, तोही दुगुनीत, मात्रेला दोन सूर म्हणजे १४ स्टेप. ठेका कोर्ग व्होल्का बीट्स या ड्रम मशीनवर, त्याच्या १६ पैकी शेवटच्या दोन स्टेप अ‍ॅक्टिव्ह स्टेपमधून बंद केल्यात, ते झकास चालतं. एसएच एकटा वाजवला तर स्पीड एलएफओच्या (सूर हलवणाऱ्या संथ कंपनाच्या) रेट स्लायडरवर, म्हणजे लय चढवली की व्हायब्रेटो पण पिसाटतो, म्हणून व्होल्काचं सिंक आउट (लय जुळवायचे विजेचे पल्स सोडणारा जॅक) एसएचच्या क्लॉक इनला दिलं. आता सुरावट निम्म्या लयीत! १४ सूर संपेस्तोवर ठेक्याची दोन आवर्तनं होतात. शिवाय मधेच थांबवलं की एसएच होता तिथूनच पुढे, समेशी काही देणंघेणं नाही. व्होल्का दुप्पट पळवला तर ठेक्याला २८ स्टेप लागतील, आहेत १६. मंडळाच्या कार्यक्रमात वाजवायचंय आणि नवीन डबा घ्यायला पैसे नाहीत, काय करू?

प्रतिसाद १
बिघाड काही नाहीये रे. व्होल्का दर दोन स्टेपला एक पल्स सोडतो आणि एसएच दर पल्सला एक स्टेप सरकतो, मग निम्मंच होणार. ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढायचा डबा) आहे ना? एक स्टीरिओ फाइल बनव, डावीकडे प्रत्येक स्टेपला छोटासा टक्, उजवीकडे एक सोडून एक. ती इंटरफेसमधून वाजवायची, डावं एसएचच्या क्लॉक इनला, उजवं व्होल्काच्या सिंक इनला. फाइलच्या सुरुवातीला दोन-तीन सेकंद शांतता ठेव, तेवढ्यात दोन्हीकडे प्ले दाबून घ्यायचं, पहिल्या टक्ला दोघंही समेवर.

धागाकर्ता
भारीच! फक्त लॅपटॉपच्या हेडफोन जॅकवर भागेल का?

प्रतिसाद १
व्होल्का ऐकेल, एसएचला जरा दमदार पल्स लागतो. इंटरफेसच वापर, आउटपुट फुल्ल. आणि स्टीरिओचे दोन मोनो करणारी केबल लॅमिंग्टन रोडला मिळेल, दोन घे, एक ऐन वेळेला दगा देतेच.