जपानच्या खेड्यापाड्यांत महिनाभर : प्रवासाच्या आखणीचे अनुभव

टोकियो, क्योटो आणि ओसाका या शहरांची आठ-दहा दिवसांची सहल आखणे आता मराठी प्रवाशांच्या अंगवळणी पडले आहे. ज्यांनी तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ या शहरांपासून दूर, शिकोकू, क्यूशू, होक्काइडो किंवा कीई द्वीपकल्पातल्या गावांत काढला आहे, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, अशी विनंती आहे. काय काय पाहिले यापेक्षा आखणी कशी केली, ती कोठे फसली आणि पुन्हा जाताना काय बदलाल, हे लिहिले तर नव्याने जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. सुरुवात मीच करतो.

आम्ही पती-पत्नी ऑक्टोबरच्या मध्यापासून चार आठवडे कीई द्वीपकल्पात होतो. घरी बसून आखणी करताना आम्ही नकाशावरची अंतरे पाहिली, आणि चूक तेथेच झाली. पंचवीस किलोमीटर म्हणजे पाऊण तास, हा हिशेब दिवसाला तीनच बस असलेल्या गावात लागू पडत नाही. एका शनिवारी दुपारी आम्ही जिची वाट पाहत थांबलो होतो, ती बस फक्त कामाच्या दिवशी धावणारी निघाली. वेळापत्रकात कामाच्या दिवसांचा रकाना वेगळा आणि शनिवार, रविवार व सुट्यांचा वेगळा असतो, आणि आम्ही टिपून आणलेला रकाना चुकीचा होता. पुढची बस सहानंतरची होती, आणि ज्या मिन्शुकूत, म्हणजे घरगुती पाहुणघरात, आम्ही उतरणार होतो तेथे जेवण बरोबर सहाला वाढले जाणार होते. थांब्याजवळच्या दुकानातल्या बाईंनी फोन लावून दिला आणि मिन्शुकूच्या आजी स्वतः गाडी घेऊन आम्हांला न्यायला आल्या. त्या एका शब्दाने रागावल्या नाहीत, पण आमच्यामुळे इतर पाहुण्यांची जेवणे खोळंबली, याची टोचणी मला आजही आहे. गावची मुक्कामी एसटी चुकली की काय होते, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही; तरीही परदेशात गेल्यावर आम्ही ते विसरलो.

त्या रात्री आम्ही वही नव्याने लिहायला घेतली. प्रत्येक दिवसाच्या पानावर सर्वांत आधी शेवटच्या बसची वेळ, तिच्याखाली मुक्कामी पोहोचायची वेळ, आणि मग उरलेल्या तासांत जे बसेल तेवढेच. अशा रीतीने निम्मी ठिकाणे गळाली. शिवाय दर पाच दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवला, कारण हा भाग जपानमधल्या अतिशय पावसाळी भागांपैकी आहे आणि ऑक्टोबरातही वादळे येतात. कुमानो होंगू हे देवस्थान पूर्वी नदीच्या वाळवंटात होते. १८८९ च्या पुरात ते उद्ध्वस्त झाले आणि नंतर उंचावर हलवले गेले. मूळ जागी आज सुमारे ३४ मीटर उंचीची तोरी, म्हणजे कमान, उभी आहे. तिच्याखाली उभे राहिल्यावर राखीव दिवसाचे महत्त्व वेगळे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

साताऱ्याहून, निवृत्त शिक्षिका :

मी शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांची वाट पायी चालले. ही वाट सुमारे १,२०० किलोमीटरची असून कोबो दाइशी, म्हणजेच कूकाई (७७४–८३५), या बौद्ध आचार्यांच्या नावाने चालली जाते. मला पन्नास दिवस लागले. त्याआधी मी पाच वेळा पंढरीची वारी केली होती आणि त्या अनुभवाच्या बळावर रोज पंचवीस किलोमीटर धरले होते. तो अंदाज पहिल्या दहा मंदिरांपर्यंत बरोबर ठरला, कारण तेथे जमीन सपाट आहे आणि मंदिरे जवळजवळ आहेत. बाराव्या, शोसानजी मंदिराच्या चढावर तो मोडला. या चढाला तिथले लोक 'यात्रेकरूंना लोळवणारी वाट' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. वारीत दिंडी आपल्याला ओढून नेते, सामान ट्रकमध्ये असते आणि पुढच्या तळावर स्वयंपाक तयार असतो. येथे मी एकटी होते आणि पाठीवर नऊ किलो होते. तिसऱ्या दिवशी चार किलो सामान मी ताक्क्यूबिनने, म्हणजे सामान पोहोचवणाऱ्या कुरिअर सेवेने, पुढच्या शहरात पाठवून दिले, आणि ही एक गोष्ट घरून निघतानाच करायला हवी होती.

आखणी करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मंदिरातले, यात्रेकरूंच्या वहीत मोहोर उमटवण्याचे दालन संध्याकाळी पाचला बंद होते, म्हणून सव्वापाचला पोहोचणाऱ्याला रात्र त्याच गावात काढावी लागते. दुसरे म्हणजे मंदिरांमधली अंतरे अत्यंत विषम आहेत. तेविसाव्या मंदिरापासून मुरोतोच्या टोकावरच्या चोविसाव्यापर्यंत सुमारे पंचाहत्तर किलोमीटर समुद्रकाठाने जावे लागते, आणि त्या पट्ट्यात मुक्कामाची ठिकाणे मोजकीच असल्यामुळे ती आधी ठरवून मगच बाकीचे दिवस बसवावेत.

वाटेत लोक यात्रेकरूंना संत्री, चहा, कधी नाणी देतात. त्याला ओसेत्ताई म्हणतात. ती नाकारायची नसते, आणि उलट आपल्या नावाची एक चिठ्ठी द्यायची असते. मुक्कामी पोहोचल्यावर आधी काठीचे टोक धुवायचे, कारण काठी म्हणजे प्रत्यक्ष आचार्य, ही रीत मला फार आपली वाटली. मंदिरांत म्हटल्या जाणाऱ्या प्रज्ञापारमिता हृदयसूत्राच्या शेवटी 'ग्याते ग्याते हाराग्याते' असे शब्द येतात. ते आपले 'गते गते पारगते' आहे, हे मला नवव्या मंदिरात एकदम उमगले आणि मी तेथेच पायरीवर बसून राहिले. आखणीशी याचा संबंध नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवले नाही.

ठाण्याहून, शाकाहारी कुटुंब, मुले ९ आणि १३ वर्षांची :

वरील दोन्ही अनुभवांत शाकाहारी जेवणाचा विषय आला नाही, म्हणून लिहिते. शहरात शाकाहारी जेवण शोधून मिळते. गावात ते आधी सांगून ठेवावे लागते, आणि 'मांस नको' एवढे सांगणे पुरत नाही. जपानी रश्शांचा आधार असलेल्या दाशीत बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो आणि ती अनेकांच्या लेखी मांसाहारात मोडत नाही. आम्ही 'मासा, मांस आणि माशाची दाशी चालत नाही. अंडी व दूध चालते' हे वाक्य जपानीत छापून घेतले आणि मुक्काम ठरवतानाच कळवले. दोन ठिकाणी त्यांनी नम्रपणे नकार दिला, आणि तो आधी समजला हे चांगलेच झाले. कीई द्वीपकल्पातल्या कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठांत मात्र शोजिन र्योरी हे पूर्ण शाकाहारी जेवण मिळते, म्हणून तेथे आम्ही दोन रात्री वाढवल्या. बाकीचे दिवस भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी आणि गावातला भात यांवर निभावले. युनोमिने येथे उकळत्या झऱ्याच्या कुंडात गावकरी अंडी आणि भाज्या उकडतात. आमच्या मुलांनी तेथे रताळी उकडली, आणि साऱ्या प्रवासातले तेच जेवण त्यांच्या सर्वांत लक्षात राहिले आहे.

नागपूरहून, डॉक्टर :

औषधांविषयी थोडक्यात. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे जपानमध्ये साधारणपणे एका महिन्याच्या गरजेपुरतीच नेता येतात. त्याहून जास्त असतील तर आयातीचे प्रमाणपत्र निघण्यापूर्वी मिळवावे लागते. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली सर्दीची औषधे नेण्यास बंदी आहे, आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही मर्यादा आहेत. घरातली सर्दी-खोकल्याची पाकिटे पिशवीत टाकण्यापूर्वी त्यांवरचे घटक वाचावेत. दीड-दोन महिने जाणाऱ्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांनी हे काम तिकिटांच्याही आधी हाती घ्यावे.

कोल्हापूरहून, मोटारीने क्यूशू, २४ दिवस :

बसचा त्रास टाळण्यासाठी आम्ही भाड्याची मोटार घेतली. आपल्या आरटीओकडून मिळणारा, १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा आंतरराष्ट्रीय परवाना तेथे चालतो, आणि वाहने डाव्या बाजूनेच चालतात. तरीही एक चूक जिवावर बेतली असती. तेथे 'थांबा' ही पाटी उलट्या लाल त्रिकोणाची असते. आपल्याकडे उलटा त्रिकोण म्हणजे 'वाट द्या', म्हणून पहिल्याच दिवशी मी वेग कमी करून तसाच पुढे गेलो आणि समोरून आलेल्या ट्रकचालकाने ब्रेक दाबला म्हणून आम्ही वाचलो. रेल्वे फाटकावरही फाटक उघडे असताना पूर्ण थांबणे सक्तीचे आहे. गावातले पेट्रोल पंप संध्याकाळी आणि पुष्कळदा रविवारी बंद असतात, म्हणून टाकी अर्धी झाली की भरायची, असा आम्ही नियम केला. मिचिनोएकी ही रस्त्याकाठची विश्रांतिस्थाने देशभर हजाराहून अधिक आहेत; वाहनतळ आणि स्वच्छतागृहे रात्रंदिवस खुली असतात. तेथल्या भाजीवर पिकवणाऱ्याचे नावही लिहिलेले असते. दुपारचे जेवण आम्ही तेथेच घेत असू.

ओकायामाहून, सहा वर्षे येथे वास्तव्य :

सिंहगड रस्त्यावरचे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान अनेकांनी पाहिले असेल. ते ज्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केले आहे, त्याच्यापासून मी दहा मिनिटांवर राहतो. येणाऱ्या पाहुण्यांच्या आखण्या पाहून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. संपूर्ण देशाचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांना ५०,००० येन झाला. एकाच भागात हळूहळू फिरणाऱ्याला तो क्वचितच परवडतो, त्यापेक्षा त्या त्या भागापुरते पास पाहावेत. व्हिसाच्या अर्जात दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो, पण लहान पाहुणघरे पुष्कळदा फोनवरूनच जागा देतात, म्हणून हे काम चार-पाच महिने आधी सुरू करावे आणि जपानी येणाऱ्या कोणाची तरी मदत घ्यावी. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण, हे दिवस टाळावेत, कारण तेव्हा शहरातला प्रत्येक माणूस गावी परतत असतो.

आणि खिशात एक हजार येनच्या नोटा ठेवाव्यात. गावातल्या बसमध्ये मागच्या दाराने चढताना क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची असते आणि उतरताना चालकाजवळच्या पेटीत नेमके भाडे टाकायचे असते. सुटे पैसे करून देणारे यंत्र बसमध्येच असते, पण ते दहा हजाराची नोट सहसा घेत नाही. गेल्या महिन्यात नाशिकचे एक वयस्कर जोडपे असेच दहा हजाराची नोट हातात धरून उभे होते. मागच्या बाकावरच्या शाळकरी मुलीने त्यांचे भाडे भरले आणि पैसे परत घ्यायला ती थांबलीही नाही.