कलावंतांच्या कबरी कायम राखाव्यात का? सुरुवात जुहूच्या कब्रस्तानापासून

सूरसाधक

३१ जुलै (पुण्यतिथी) आणि २४ डिसेंबर (जयंती) या दोन तारखांना मोहम्मद रफींचे चाहते जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानात जातात आणि एका नारळाच्या झाडाजवळ फुलं ठेवतात. झाडाजवळ, कारण वर दगड उरलेला नाही. २०१० मध्ये नव्या दफनांना जागा हवी म्हणून तिथली जुनी पक्की बांधकामं काढली गेली. त्यात रफी (मृत्यू १९८०), मधुबाला (१९६९) आणि साहिर लुधियानवी (१९८०) यांच्याही कबरी गेल्या. मधुबालाची तर कोरीव संगमरवरी होती.

मुंबईच्या जमिनीत हिंदी सिनेमाचा केवढा इतिहास आहे बघा. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात मेहबूब खान (१९६४), नर्गिस (१९८१) आणि सुरैया (२००४). माझगावच्या रहमताबादमध्ये मीनाकुमारी (१९७२), आणि त्याच कब्रस्तानात एकवीस वर्षांनी आलेले तिचे पती, दिग्दर्शक कमाल अमरोही (१९९३). शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत बोरीबंदरचं स्टेशन उभारणारे वास्तुविशारद स्टीव्हन्स आणि गेटवेचे वास्तुविशारद विटेट.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांचं काम दोन पिढ्यांनंतरही लोकांच्या ओठांवर आहे, अशा मोजक्यांच्या कबरी फेरवापरातून वगळाव्यात. साडेतीन बाय सात फुटांचा तुकडा एवढ्या मोठ्या शहराला जड होऊ नये.

वक्फवाचक

सूरसाधक, तुमची तळमळ समजते, पण साडेतीन बाय सात हा आकडा खरा नाही. तो खड्ड्याचा आकार झाला. पक्की कबर बांधली की चारी बाजूंनी निदान फूटभर कठडा येतो, म्हणजे साडेपाच बाय नऊ, जवळपास पन्नास चौरस फूट. कच्ची कबर चोवीस-पंचवीसमध्ये बसते. म्हणजे एक पक्की कबर दोन मयतांची जागा धरते, तीही कायमची.

दुसरं, कब्रस्तान ही बहुतेक ठिकाणी वक्फ, म्हणजे धर्मादाय, जमीन असते, समाजातल्या प्रत्येक मयतासाठी दिलेली. मुतवल्ली (वक्फचा व्यवस्थापक) किंवा विश्वस्त तिचे मालक नसतात. कबर चुन्या-गच्चीनं पक्की करू नये, तिच्यावर बांधकाम करू नये, असं हदीसमध्येच (पैगंबरांच्या वचनांत) आलेलं आहे. मातीचा उंचवटा वीतभर, एवढंच. शरीर मातीत पूर्ण मिसळलं की त्याच जागी दुसऱ्याला दफन करता येतं, हेही फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, मान्य आहे. दर्ग्यांची परंपरा वेगळी आहे आणि त्यावर मतभेद आहेत, पण सार्वजनिक कब्रस्तानाचा मूळ नियम हा असा आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. त्याच जुहूच्या कब्रस्तानात ७ जुलै २०२१ ला दिलीपकुमार यांना शासकीय इतमामात दफन केलं गेलं. जागा फिरती राहते म्हणूनच तिथे पुढच्या माणसाला जागा मिळते. आधी आलेल्यांनी ती कायमची धरली असती, तर नंतर येणाऱ्याला, मग तो नट असो की हमाल, शहराबाहेर न्यावं लागलं असतं.

सूरसाधक

नियम मान्य. पण २०१० मध्ये दगड गेला तो गेलाच, त्यासोबत नेमकी जागाही लोकांच्या हातून निसटली. माझी खरी तक्रार तिथे आहे. नारळाचं झाड ही काय खूण झाली? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईत किती झाडं पडली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. उद्या ते झाड गेलं, तर चाहत्यांनी कुठे उभं राहायचं?

शिवडीकर

ख्रिस्ती दफनभूम्यांमध्ये या प्रश्नाला वेगळं उत्तर आहे, ते इथे नोंदवतो. मुंबईच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या विभागांत) साधारणपणे दोन प्रकार असतात: कुटुंबाची कायम कबर आणि तात्पुरती कबर. कायम कबरी आता नव्यानं मिळणं जवळपास बंदच. तात्पुरती कबर दोनेक वर्षांनी उघडतात, अस्थी काढून स्वच्छ करतात आणि भिंतीतल्या छोट्या कप्प्यात ठेवतात. त्याला आपल्याकडे निश म्हणतात. दीड-दोन फुटांच्या तोंडाचा कप्पा, वर नावाची फरशी. एका भिंतीत शेकडो माणसं सामावतात आणि प्रत्येकाला नाव राहतं.

उघडताना अडचण येते ती पाण्याची. ज्या जागी पावसाळ्यात कबरीत पाणी साचतं, तिथे हवा पोचत नाही आणि शरीर विरघळायला फार जास्त वेळ लागतो. कृत्रिम धाग्याचे कपडे, प्लॅस्टिक, जाड पॉलिश मारलेली शवपेटी यानंही तेच होतं. मग कबर पुन्हा बुजवावी लागते आणि पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून साधं सुती कापड आणि हलक्या लाकडाची पेटी, हा सल्ला फार महत्त्वाचा आहे.

शिवडीत कवी डॉम मोराइस (२००४) आणि चित्रकार सूझा (२००२) दोघेही आहेत. मोराइस यांच्या कबरीवरची माती इंग्लंडमधल्या ऑडकम्ब गावी नेली गेली, कारण त्या गावच्या कोरियट नावाच्या प्रवाशावर त्यांनी लिहिलं होतं आणि तो कोरियट १६१७ मध्ये सुरतेला वारला होता. एका माणसाच्या स्मृतीची दोन ठिकाणं झाली, आणि त्यासाठी मूठभर माती पुरेशी ठरली.

वक्फवाचक

शिवडीकर, माहितीबद्दल आभार, पण निशची पद्धत आमच्याकडे चालणार नाही. अस्थी बाहेर काढून दुसरीकडे ठेवणं मान्य नाही. खोदताना जुनी हाडं निघाली, तर ती त्याच कबरीत एका कडेला मातीआड करतात आणि मग नवं मयत ठेवतात. म्हणजे रफी तिथून कुठे गेलेले नाहीत. गेला तो दगड. हा फरक बातम्यांत कुणी नीट सांगितला नाही, आणि लोकांचा समज झाला की कबर उकरून फेकून दिली.

काळा_दगड

बांधकामाच्या बाजूनं दोन गोष्टी. कबरी टिकवा म्हणणाऱ्यांनी त्या कशा बिघडतात तेही पाहायला हवं.

समुद्राजवळच्या रेताड जमिनीत बगली कबर धरत नाही, बाजूचा कोनाडा ढासळतो. म्हणून संदूक पद्धत वापरतात: मधोमध चर, त्यावर आडव्या किंवा तिरक्या फळ्या, वर माती. फळ्या एक-दोन वर्षांत कुजतात, आतली पोकळी बसते आणि वरची माती फूटभर खाली जाते. घरच्यांनी चाळिसाव्याच्या आत घाईनं संगमरवर बसवला असेल, तर तो नेमका मधे तडकतो किंवा डोक्याकडच्या बाजूला कलतो. निदान एक पावसाळा जाऊ द्यावा, माती दोनदा भरून घ्यावी आणि मगच दगडाचा विचार करावा.

संगमरवर हा मुळात या हवेचा दगड नाही. खारा वारा आणि धुरातलं आम्ल यांनी त्याचा पृष्ठभाग साखरेसारखा खरबरीत होतो, अक्षरांच्या कडा बोथट होतात. त्यात कुणीतरी बरसीच्या आधी चकाकी यावी म्हणून फरशी धुण्याचं ॲसिड ओततं. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच, ॲसिड पडलं की फेस येतो आणि तो फेस म्हणजे विरघळणारा दगड. दोन-तीन धुण्यांत कोरलेली नस्तालीक (उर्दूची वळणदार) लिपी वाचता येईनाशी होते. साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश आणि फार तर सौम्य साबण, याच्या पुढे जाऊ नये. तारेचा ब्रश तर अजिबात नको.

आणि लोखंडी खिळपट्ट्या! दोन दगड जोडायला आत लोखंड घालतात, ते गंजून फुगतं आणि कोपरा उडवतं. पितळ किंवा स्टेनलेस वापरावं. सांध्यात पिंपळ उगवला तर नुसता ओढून काढला की मूळ आतच राहतं आणि पुढच्या पावसात दुप्पट जोमानं येतं.

पाटी लावायचीच असेल तर आपला बेसॉल्ट, काळा दगड घ्या. अक्षरं खोल कोरा, रंग भरू नका. शंभर वर्षं कुणाला हात लावावा लागणार नाही.

मिरजकर_तंबोरा

इतका वेळ सगळे मुंबईबद्दल बोलत आहेत, म्हणून मिरजेचं उदाहरण मांडतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनवर वारले. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. रात्र-रात्र गाणं चालतं, गावोगावचे गवई हजेरी लावायला येतात आणि समोर सतारमेकर गल्लीतली माणसं बसलेली असतात, ज्यांना तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) किंचित बिघडली तरी कळते.

ती कबर टिकली ती वारसा यादीमुळे टिकली नाही. तिच्याशेजारी वर्षातून एकदा गाणं होतं म्हणून टिकली. जुहूला वर्षातून दोनदा लोक येतात, फुलं ठेवतात, फोटो काढतात आणि जातात. विश्वस्तांशी त्यांचं काही नातं तयार होत नाही. नातं असतं, तर २०१० मध्ये कुदळ पडण्याआधी कुणीतरी एक फोन केला असता.

सूरसाधक

मिरजकर, हे मनाला भिडलं, पण तुलना पूर्ण पटत नाही. दर्ग्याला स्वतःचा उरूस, मानकरी आणि गावाचा आधार असतो. सार्वजनिक कब्रस्तानात गाणं करता येणार नाही, आणि करूही नये. तिथे शेजारी कालच कुणाला तरी पुरलेलं असतं.

मग कायद्याचा आधार का नको? हेरिटेज करून टाका.

वक्फवाचक

कोणत्या कायद्यानं? केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याला वास्तू किमान शंभर वर्षं जुनी लागते. मधुबालाचं बांधकाम उभं असतं तरी तो हिशेब २०६९ नंतरच सुरू झाला असता, रफींचा २०८० नंतर. मुंबईची १९९५ पासूनची वारसा नियमावली आहे, तिथे शंभर वर्षांची अट नाही. पण एकदा परिसर यादीत गेला की कडेची भिंत बांधायलाही समितीकडे जावं लागू शकतं. रोज मयत येणाऱ्या जागेवर हे ओझं टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि निवड कोण करणार? रफी हो, मग त्यांच्यासोबत वाजवणारे वादक नाहीत का? साहिर हो, आणि कोरसमध्ये उभं राहून आयुष्य घालवलेली बाई नाही? कफन सगळ्यांना सारखंच असतं, त्यात खिसा नसतो. मातीत गेल्यावर पुन्हा पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग कशाला?

शिवडीकर

या मुद्द्यावर मी वक्फवाचक यांच्या विरोधात आहे. समानता म्हणजे सगळ्यांची नावं पुसणं नव्हे. शिवडीत स्टीव्हन्सची कबर आहे म्हणून शेजारच्या माणसाची किंमत कमी होत नाही. उलट ती बघायला आलेला विद्यार्थी शेजारची चार नावंही वाचून जातो. जागेची अडचण खरी आहे, पण तत्त्वाचं कारण पुढे करून ती झाकू नये.

मोजपट्टी

वाद दगडावर अडकला आहे, म्हणून मोजणीचं सांगतो. दगड न ठेवताही जागा कायमची टिपून ठेवता येते, आणि खर्च जवळपास शून्य.

आधी मोबाईलचा भरवसा सोडा. उघड्या आकाशाखालीही फोनचं लोकेशन चार-पाच मीटर इकडेतिकडे असतं. पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात अठ्ठ्याहत्तर चौरस मीटर येतात, आणि वाट धरून एका कच्च्या कबरीला सुमारे तीन चौरस मीटर लागतात. म्हणजे तो टिंब पंचवीसेक कबरींपैकी कोणतीही दाखवत असतो. झाडाच्या खुणेपेक्षा हे फार बरं नाही.

मोजायचं असं. न हलणाऱ्या तीन खुणा घ्या: मशिदीचा कोपरा, विहिरीचा कठडा, कुंपणाचा कोपरा. कुंपण एकटं कधीच घेऊ नका, रस्ता रुंद झाला की पहिलं तेच जातं. तीस मीटरच्या फीतेनं कबरीच्या डोक्याकडच्या टोकापासून तिन्ही खुणांपर्यंत अंतर घ्या. फीत ताणून धरा, मधे झोळ पडला की अंतर वाढीव येतं. दोन अंतरांवरून जागा ठरते, तिसरं पडताळणीसाठी. मग पायाकडच्या टोकाचंही तसंच. मुंबईत किब्ला (मक्केची दिशा) पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला, त्यामुळे डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला असतात. रांग वाकडी दिसली, तर मोजणीत चूक आहे असं धरून पुन्हा मोजा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: उंची. कब्रस्तानात भराव टाकला की जमीन वर येते. मशिदीच्या जोत्यावर एक रेघ कोरून तिच्यापासून कबरीची पातळी किती खाली आहे ते लिहा. नाहीतर वीस वर्षांनी आडवी जागा बरोबर असूनही आपण कोणत्या थरावर उभे आहोत ते कळणार नाही.

ही सगळी माहिती कब्रस्तानाच्या दफन-रजिस्टरातल्या नोंदीसमोर लिहायची: विभाग, रांग, क्रमांक, सहा अंतरं, पातळी. दोन प्रती, एक विश्वस्तांकडे आणि एक बाहेर. वक्फवाचक यांच्या शंकेला इथे उत्तर आहे, कारण ही नोंद वादकाची, कोरसमधल्या बाईची, हमालाची, सगळ्यांची करता येते. त्यात निवड समिती लागत नाही.

वक्फवाचक

याला माझा विरोध नाही. वरची जमीन मोकळी राहते आणि पुढचं दफन अडत नाही, मला एवढंच हवं होतं. आतल्या भिंतीवर नावांची एक पाटी लावायलाही माझी हरकत नाही, कबरीवर मात्र काही नको.

सूरसाधक

भिंतीवरची पाटी मला अजूनही कमी वाटते. लांबून आलेल्या माणसाला दहा पावलांवर नाही, तिथेच उभं राहायचं असतं. पण मोजणी आधी व्हायला हवी, हे मान्य. काळा_दगड, दोन फूट बाय तीन फुटांच्या बेसॉल्टवर उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत किती नावं नीट मावतील?

काळा_दगड

इंचभर उंचीचं अक्षर धरलं, तर तीन लिप्यांत आठ-नऊ नावं, त्याहून जास्त नकोत. नस्तालीकला ओळीची उंची जवळजवळ दुप्पट लागते, तिच्या ओळी आधी आखून घ्या, बाकीच्या नंतर बसवा. आणि उर्दूचा मजकूर कातिबाकडून (सुलेखनकाराकडून) कागदावर लिहून घ्या. संगणकावर जोडलेली अक्षरं कोरताना तुटतात, नुक्ते (अक्षरांचे ठिपके) सुटतात, आणि दगडावर गाळलेला नुक्ता मागून घालता येतो, पण जास्तीचा पडलेला काढता येत नाही.