मदत हवी आहे: लॉर्ड किचनरचं ब्राँझचं मेडल घरात सापडलंय

नमस्कार मंडळी, इथे नाणी आणि पदकांतले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय. आम्ही पुण्यात धनकवडीला राहतो, मूळचे सातारकडचे. गावचं घर आवरताना आजीच्या ट्रंकेत एक ब्राँझचं मेडल सापडलं, जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा जरा मोठं आणि हाताला चांगलंच जड. एका बाजूला भरघोस मिशांचा लष्करी माणूस, खाली ब्रिटिश सेनानी किचनरचं नाव, मागे पानांची वेल आणि जन्म-मृत्यूच्या तारखा, २४ जून १८५० आणि ५ जून १९१६. म्हणजे गेल्यानंतर काढलेलं स्मृतिपदक, एवढं नक्की. त्या दिवशी तो रशियाला निघाला होता आणि ऑर्कनी बेटांजवळ त्याची हॅम्पशायर ही युद्धनौका जर्मन सुरुंगावर आदळून बुडाली.

आता मुद्दा असा की पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, इराकमध्ये बसऱ्याकडे गेलेले, आणि काका म्हणतात हे त्यांना पराक्रमासाठी मिळालं, फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचंय. मला तसं वाटत नाही. त्या युद्धात शिपायांना मिळालेल्या गोल मेडलांच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते आणि वर रिबिनीसाठी अडकवण असते, ह्याला दोन्ही नाही, कड साफ कोरी आहे. काकांना दुखवायचं नाहीये पण पणजोबांच्या नावावर खोटी गोष्टही लागायला नको, त्यांनी जे केलं ते तसंच पुरेसं मोठं आहे.

तरी घरात आलं कसं? किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानात सरसेनापती होता, १९०३ मध्ये पलटणींचे नंबर बदलले ते त्याच्याच काळात, दहाव्या बॉम्बे पलटणीची ११० वी मराठा पलटण झाली ती तेव्हाच, त्यामुळे त्याचं नाव पलटणीत सगळ्यांना माहीत असणारच. अशी मेडलं तेव्हा इथे विकत मिळायची का, की कुणा साहेबाने दिलं असेल? कुणाच्या घरी असं काही असेल तर प्लीज सांगा.

दुसरं, आणि हे जास्त अर्जंट आहे. मिशीच्या खाचेत आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत फिकट हिरवी पावडर येतेय, ब्रशने काढली की पावसाळी हवेत परत येते. बाकीचा तपकिरी थर छान घट्ट आहे, तो जाऊ द्यायचा नाहीये. काकू चिंच-मीठ घेऊनच बसल्या होत्या, मी मेडल कपाटात ठेवलं. मिठातलं क्लोराइडच ब्राँझला आतून खात जातं असं वाचलंय. सध्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात आहे.

अपडेट: कुणीतरी विचारलंय मेडल ओतीव आहे की ठसा मारून पाडलेलं. भिंगातून बघितलं, अक्षरांच्या कडा धारदार आहेत, बुडबुड्यांची भोकं कुठे नाहीत, म्हणजे पाडलेलं असावं. खांद्याखाली अगदी बारीक दोन अक्षरं दिसतात, ती बहुतेक कारागिराची सही असेल, उजेडात फोटो काढून टाकते. विकायचं अजिबात नाहीये, त्यामुळे जुन्या बाजारातले भाव नका सांगू. पुण्यात धातूच्या जुन्या वस्तूंचं कन्झर्व्हेशन नीट करणारं कुणी माहीत असेल आणि साधारण खर्च किती येतो ते सांगितलंत तर फार बरं होईल, गणपतीच्या आधी काकांशी बोलायचंय.